मोठ्याने वाचायचे पत्र

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. २१ जून १९३१

कुंडलिक यास,

मी कमलाकर वळसंगकर. वेळापूरच्या शाळेत तू दुसरीत होतास तेव्हा तुझा मास्तर होतो. नावाखाली ‘आशीर्वाद’ लिहिणार होतो, पण एकोणीस वर्षांत ज्याने एकदाही विचारपूस केली नाही त्याने आशीर्वादापासून सुरुवात करावी हे बरे दिसेना, म्हणून टाक तिथेच थांबवला.

दोन वर्षांमागे मी नोकरीतून मोकळा झालो आणि इथे धाकट्या बहिणीकडे, अनसूयेकडे, राहतो. आमच्या बोळाच्या तोंडाशीच मुलींची शाळा आहे. घरी बसून जीव रमत नाही म्हणून सकाळी तिथे जाऊन हजेरीपट लिहून देतो. परवा नवीन मुलींची नावे घालत होतो. एक गिरणीतला माणूस पोरीला घेऊन आला. मूळ गाव विचारले तर वेळापूर. तो तुझा चुलतभाऊ रावजी निघाला. त्याच्याकडून तुझे कळले. वडील मानमोडीच्या साथीत गेले, मग तू आईला घेऊन टेंभुर्णीला मामांकडे गेलास, आता बैलगाडीने कुर्डुवाडी स्टेशनावर माल पोचवतोस, आणि तुला सात वर्षांची मुलगी आहे, हे सगळे त्याने सांगितले. मग म्हणाला, “बाकी समदं बरं हाय मास्तर, पन पोरीला साळंत घालत न्हाय. साळंचं नाव काढलं की उठून जातो.”

म्हणून हे पत्र. मुलीला शाळेत घालावे. काळ बदलला आहे. मागे काही झाले असेल तर ते तिच्या आड येऊ देऊ नये. मी चौतीस वर्षे मुलांत काढली, त्या अनुभवावरून सांगतो.

बाकी इथल्या शाळेची तऱ्हा काय सांगू! पहिलीच्या वर्गाला महानंदाबाई म्हणून एक तरुण शिक्षिका आहेत, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेल्या. त्यांनी वर्गात रॉकेलचा रिकामा डबा तांबडा रंगवून टांगला आहे आणि त्याला पोस्टाची पेटी म्हणतात. पोरी दिवसभर एकमेकींना चिठ्ठ्या टाकतात. ज्यांना लिहिता येत नाही त्या कडुनिंबाचे पान टाकतात. गलका इतका की मला बेरीज दोनदा करावी लागते. असल्या खेळांनी अक्षर वळत नाही हे मी त्यांना सांगणार आहे.

माझी पत्रे तुला कोण वाचून दाखवते ते कळव.

कमलाकर वळसंगकर


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १९ जुलै १९३१

कुंडलिक यास,

तुझे कार्ड पोचले. तीनच ओळी आहेत. पत्र मिळाले, पोरीचे आम्ही बघू, वाचणारा शिवयोगी वाणी. शिवयोगीअप्पांचे अक्षर चांगले आहे. रावजीला विचारले तर तो म्हणाला, टेंभुर्णीच्या नाक्यावर त्यांचे किराण्याचे दुकान आहे, आणि आसपासच्या वाड्यांतल्या सगळ्यांची पत्रे तिथेच मोठ्याने वाचली जातात. म्हणजे हे पत्र मीठमिरची घ्यायला आलेली माणसेही ऐकत असतील. तेव्हा सगळेच काही लिहिता येत नाही. असो.

महानंदाबाईंना मी बोललो. म्हटले, “ही शाळा आहे की बाजार?” त्या हसल्या. म्हणाल्या, “बाजारात कुणी रडत जातं का, मास्तर?”

त्यांनी खरोखरीच वर्गात दुकान मांडले आहे. कागदाच्या पुड्या केल्या आहेत आणि प्रत्येकीवर नाव आहे. गूळ, चिंच, हळद, शेंगा. आत खरेच ते जिन्नस आहेत, चिमूटचिमूट. पोरीने पुडीवरचे नाव बरोबर वाचले की आतला जिन्नस तिचा. गुळाची पुडी पहिल्या दिवशी वाचायला आली नाही अशी मुलगी वर्गात एकही नव्हती. हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

या पेठांतल्या कितीतरी मुली विणकरांच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. काही कानडी, दोन मुसलमानांच्या. बाईंनी फळ्यावर घागरीचे चित्र काढले आणि विचारले, यात काय आहे? एक म्हणाली नीळ्ळू, एक म्हणाली नीरू, एक म्हणाली पानी. बाईंनी तिन्ही शब्द मराठी अक्षरांत फळ्यावर लिहिले, खाली ‘पाणी’ लिहिले. मी दारातून म्हटले, “बाई, मराठी शाळा आहे ही.” तर म्हणाल्या, “आधी अक्षराशी ओळख होऊ दे, मास्तर. आपल्या घरातला शब्द अक्षरात दिसला की पोर त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघते.” त्यांनी माझ्या हातात सुई-दोरा दिला.

कारण प्रत्येक मुलीचे एक पुस्तक करायचे आहे. मुलीने काही सांगायचे, बाईंनी ते जसेच्या तसे तिच्या वहीत लिहायचे, मुलीने चित्र काढायचे, मग तेच तिने वाचायचे. वह्या शिवायचे काम माझ्याकडे आले आहे. मागाच्या सुताला लावायची खळ मुली घरून वाटीत आणतात, तिने मी पुठ्ठे चिकटवतो. या वयात बोटांना खळ लागली आहे.

तू मुलीबद्दल ‘बघू’ म्हटलेस. शाळेचे नाव काढले की उठून जाण्याचे कारण काय, ते मला विचारायला नको. मी तुला मारले होते हे खरे आहे. पण त्या काळी सगळेच मास्तर मारीत आणि सगळेच आईबाप ‘मारा’ म्हणून सांगत. तू ते अजून मनात धरू नयेस.

कमलाकर वळसंगकर


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ३० ऑगस्ट १९३१

शिवयोगीअप्पा यांस नमस्कार.

हे पत्र कुंडलिकला वाचून दाखवाल, पण आधी एक विनंती. त्याच्या आईंना, गोजरबाईंना, दुकानात बोलावून घ्यावे आणि मग वाचावे. मोठ्याने वाचावे. दुकानात जितकी माणसे असतील त्यांना ऐकू द्यावे. मधला एकही शब्द गाळू नये. आणि कुंडलिकाच्या उजव्या बाजूला बसून वाचावे.

कुंडलिक,

तुझे दुसरे कार्ड जुलैअखेर आले. “त्या कानानं मला अजून ऐकू येत न्हाय. आता पत्र नको.” ते मी महिनाभर कोटाच्या खिशात घेऊन हिंडतो आहे. पत्र नको म्हणालास, तरी हे एक लिहितो आहे. पुढे तू सांगशील तसे.

गेल्या बुधवारी शाळा तपासायला डेप्युटीसाहेब आले. पहिलीच्या वर्गात गेले. तो तांबडा डबा, त्या पुड्या, भिंतीवर टाचलेली चित्रे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी क्रमिक पुस्तक उघडले आणि पुढे बसलेल्या नरसव्वा नावाच्या मुलीला म्हणाले, “हे पान वाच.” नरसव्वा विणकराची, सहा वर्षांची. तिने पानावर बोट ठेवले आणि खणखणीत आवाजात सुरू केले, “आमच्या घरी माग आहे. माग खटखट करतो. अप्पा थांबला की माग थांबतो. माग थांबला की अम्मा बाहेर येऊन बघते.”

पानावर यातले काही नव्हते. ते तिच्या स्वतःच्या वहीतले होते, मी शिवलेल्या.

मी दारात हजेरीपट घेऊन उभा होतो. हे मी पूर्वी पाहिले होते.

साहेब म्हणाले, “हे या पानावर आहे का?” नरसव्वा म्हणाली, “नाही. माझ्या पुस्तकात आहे,” आणि उठून पळत जाऊन वही घेऊन आली. बाई म्हणाल्या, “साहेब, तिला वाचता येत नाही अजून. पण वाचणारं माणूस कसं वाचतं ते तिला कळलंय. आता थोडंच राहिलंय.” मग नरसव्वाजवळ बसून त्यांनी वहीतल्या ‘माग’ या शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “हा साहेबांच्या पुस्तकात कुठं आहे का, शोध बरं.” पोर वाकून वाकून बघत राहिली. मग ती ओरडली, “हा बघा माग! पण याच्या डोक्यावर काठी आहे.” पानावर ‘मागे’ असा शब्द होता.

साहेब हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. शेरेबुकात लिहून गेले : खेळ फार, पुस्तक मागे, डबा काढावा.

आता वेळापूरचे सांगतो. दुकानात बसलेल्यांनी नीट ऐकावे.

सन १९१२, श्रावण महिना. हा कुंडलिक तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला वाचता येत नव्हते, पण इतर मुलांचे ऐकून दुसरीचे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याला पाठ होते. आणि म्हणायचा असे की वाघाच्या धड्याला मागची मुले सरकून बसत. त्या दिवशी डेप्युटी आले. त्यांनी उंटाचा धडा उघडून याच्यापुढे धरला. याने पानावर बोट ठेवून वाघाचा धडा म्हटला, हातवारे करून. डेप्युटी पोट धरून हसले आणि शेरेबुकात लिहिले की या शाळेत मुले वाचत नाहीत, पाठ म्हणतात.

ते गेल्यावर मी याला पुढे बोलावले. आधी हातावर छड्या दिल्या. मग डाव्या कानावर मारले. एकदा नाही. किती वेळा ते मला आठवत नाही, हे मी खरे सांगतो. कानातून रक्त सदऱ्यावर आले तेव्हा थांबलो.

संध्याकाळी याचे वडील शाळेत आले. मी त्यांना सांगितले, “ओट्यावरून पडला.”

कुंडलिक म्हणाला, “बा, मास्तरांनी मारलं.” वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “पोर घाबरून खोटं बोलतंय.” मग त्यांनी, गुरूबद्दल खोटे बोलतोस म्हणून, चार माणसांदेखत याला पुन्हा मारले, आणि माझ्या पायावर डोके ठेवायला लावले. याने माझ्या पायावर डोके ठेवले. एक कान हाताने दाबून धरला होता. आणि मी म्हणालो, “असू दे, असू दे.”

दुसऱ्या दिवसापासून हा शाळेत आला नाही. मी हजेरीपटावर तीन महिने गैरहजर लिहिले आणि मग नाव काढले. याचे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होते. मी गेलो नाही.

गोजरबाई, तुमचा मुलगा खोटे बोलला नव्हता. मी खोटे बोललो.

मागल्या पत्रात मी लिहिले की त्या काळी सगळेच मारीत. तेही असल्याच प्रकारचे बोलणे होते. त्या दिवशी तू जे केलेस तेच परवा नरसव्वाने केले. ती वाचायची पहिली पायरी होती, कुंडलिक. तू त्या पायरीवर उभा होतास. तुझ्या शेजारी बसून ‘वाघ’ या शब्दावर बोट ठेवणारे कुणीतरी हवे होते. त्याच कामासाठी मला तिथे नेमले होते.

क्षमा मागायचे धाडस नाही. शिवयोगीअप्पा, पत्र वाचून झाल्यावर ते कुंडलिकच्या हातात द्यावे. त्याने फाडले तरी चालेल.

कमलाकर नारायण वळसंगकर


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ४ ऑक्टोबर १९३१

कुंडलिक यास,

तुझ्याकडून काही आले नाही, येणार असे धरलेही नव्हते. आज लिहितो ते एवढ्याचसाठी, की तुझी गोष्ट मी आणखी एका माणसाला सांगितली आणि ती तुझ्या परवानगीवाचून सांगितली.

डबा काढण्याचा हुकूम लेखी आला. महानंदाबाईंनी डबा उतरवला. पण शेवटच्या टपालातल्या चिठ्ठ्या आत होत्या. त्यांचा नियम असा की आलेल्या प्रत्येक चिठ्ठीला उत्तर द्यायचेच. मुली विचारू लागल्या, आता उत्तर कुठे टाकायचे? एकीने ते बाईंच्या वहाणेत ठेवले. बाई ती वहाण हातात घेऊन बसून राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेले मी तेव्हाच काय ते पाहिले.

मी डेप्युटीसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. म्हणाले, “मास्तर, तुम्ही तर जुन्या वळणाचे. तुम्ही या खेळाची बाजू घेता?” मी म्हटले, “जुन्या वळणानं माझ्या हातून काय झालं ते आधी ऐका.” मग सांगितले. नाव तुझे घेतले नाही, माझे घेतले. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, “मार्चच्या परीक्षेपर्यंत बाईंना त्यांच्या पद्धतीनं करू द्या. मुली क्रमिक पुस्तक वाचू शकल्या नाहीत तर मात्र मला त्यांच्या बाजूनं बोलता येणार नाही.”

डबा परत लागला आहे. महानंदाबाईंना मी बंगल्यावर गेल्याचे ठाऊक आहे, काय बोललो ते ठाऊक नव्हते. त्यांनी विचारले, मी त्यांनाही सांगितले. ऐकून त्या माझ्याकडे बघेनात. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शिवायच्या वह्या माझ्यापुढे ठेवून गेल्या.

कमलाकर वळसंगकर


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. २२ नोव्हेंबर १९३१

कुंडलिक यास,

काल तू येऊन गेलास. बोलायचे ते मला धड बोलता आले नाही, म्हणून लिहितो. शिवाय तू घातलेली अट कागदावर असावी असेही वाटते.

मी शाळेच्या ओसरीवर वह्या शिवत होतो. दारात एक उंच माणूस मुलीचे बोट धरून उभा राहिला. मी ओळखले नाही. मी उठून “या, कोणाकडे आलात?” वगैरे विचारू लागलो. दोन वाक्ये बोललो तरी तू नुसता वर्गाकडे बघत राहिलास, तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी तुझ्या डाव्या बाजूला उभा आहे. मी पलीकडे गेलो. तू मान वळवलीस. तुझी मान वळवायची ती सवय मी काल पहिल्यांदा पाहिली. तुझ्या भोवतीची माणसे ती एकोणीस वर्षे बघत आली असतील.

तू म्हणालास, “तुमचं पत्र आईनं ऐकलं. दुकानात समद्यांम्होरं. लई रडली. म्हनली, तुझा बा ऐकाया पायजे हुता.”

मी म्हटले, “कुंडलिक, मी...”

“ऱ्हाऊ द्या. त्यासाटी न्हाय आलो. तुमाला माफ करनं मला जमंल का न्हाय ठाव न्हाय. जमंल तवा सांगीन. ही बजा. हिला त्या बाईंचा वर्ग दावायचा हाय.”

महानंदाबाई बाहेर आल्या. त्यांनी तुला वर्गात नेऊन मुलींच्या मागे बसवले. एवढा मोठा माणूस मांडी घालून बसलेला बघून मुली आधी लाजल्या, मग विसरल्या. टपालाची वेळ होती. नरसव्वा पोस्टमन होती. नव्या मुलीला रिकामे जाऊ द्यायचे नाही म्हणून तिने बजाला एक चिठ्ठी दिली. बजाने ती उलटीसुलटी करून तुझ्याकडे दिली. तू ती हातात घेतलीस, बघितलीस आणि परत दिलीस. मी खिडकीतून पाहत होतो. मी तिथून दूर झालो.

नंतर बाईंनी बजाला विचारले, “तुझ्या पुस्तकात काय लिहायचं?” ती म्हणाली, “आमच्या बैलाचं नाव सर्जा हाय. त्यो बाच्या उजव्या अंगाला चालतो. डावीकडनं मोटार आली तर बाला कळत न्हाय, मी सांगते.” बाईंनी तसेच्या तसे लिहिले.

निघताना तू अट सांगितलीस. बजा रावजीकडे राहील, त्याच्या मुलीबरोबर शाळेत येईल, त्याची बायको, रंभावहिनी, तिचे सगळे करतील. “पन तुमी तिला हात लावायचा न्हाय. शिकवायचं बी न्हाय. एक अक्षर सुदिक न्हाय. ती बाईंचीच.” मी म्हटले, “बरं.” तू पुन्हा विचारलेस, “ऐकलं न्हवं?” मी म्हटले, “ऐकलं.”

ती अट मी इथे माझ्या हाताने लिहितो. मी बजाला शिकवणार नाही. तिची वही शिवीन, कारण ती सगळ्यांची शिवतो. ते तुला चालत नसेल तर कळव, अनसूया शिवेल.

कमलाकर वळसंगकर


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ७ फेब्रुवारी १९३२

कुंडलिक यास,

बजा खुशाल आहे. संक्रांतीला तुझ्या आईने पाठवलेले तिळाचे लाडू तिने वर्गात वाटले. वाटण्याआधी बाईंनी प्रत्येक लाडवाच्या कागदावर एकेकीचे नाव लिहायला लावले, तेही बजाकडून. सव्वीस नावे. दोन चुकली, त्या दोघींनी ती स्वतः दुरुस्त करून घेतली आणि मगच लाडू खाल्ले. रंभाबाई सांगत होत्या की घरी ती डाळीच्या डब्यांवर, चुलीवर, रावजीच्या टोपीच्या आतसुद्धा कोळशाने नावे लिहून ठेवते. रावजीने टोपी धुवू दिली नाही म्हणे.

परीक्षा महिन्यावर आली आहे. क्रमिक पुस्तक मुली आता वाचतात. सगळ्या नाहीत. चारपाचजणी अडखळतात आणि बाई त्यांच्याशी शाळा सुटल्यावर चिठ्ठ्या-चिठ्ठ्या खेळत बसतात. काय होईल ते मला सांगता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. ती लिहायला चार दिवस लावले.

तुझी अट मी पाळली आहे. बजा ओसरीवरून जाते तेव्हा मी सुईकडे बघतो. ती मला ‘वहीवालं आजोबा’ म्हणते. मी मास्तर होतो हे तिला कुणी सांगितलेले नाही, आणि त्यात माझी काही हरकत नाही.

बुधवारी दुपारी ती वही घेऊन माझ्यापाशी आली. नरसव्वाने तिला लांबलचक चिठ्ठी टाकली होती. त्यातल्या एका जोडाक्षरापाशी ती अडली होती. त्यावर बोट ठेवून म्हणाली, “वहीवालं आजोबा, ह्ये काय हाय?”

मी हात मागे घेतले. म्हटले, “बाईंना विचार.”

“बाई पोस्टात हायत. मधी उटवायचं नसतं.”

“मग थांब थोडी.”

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, “तुमास्नी येत न्हाय व्हय?”

चौतीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस मी. काय सांगणार होतो? येते म्हटले तर सांगावे लागले असते. मी म्हटले, “नाही येत.”

कुंडलिक, ती माझ्या शेजारी बसली. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “मलाबी आदी येत न्हवतं. बाईंना इचारा. भ्यायचं न्हाय, त्या मारत न्हाईत.”

मग बाई मोकळ्या झाल्या आणि ती उठून गेली.

त्या दिवसापासून ती रोज टपालाच्या वेळेला येते, बाईंनी शिकवलेले एक अक्षर मला पाटीवर काढून दाखवते आणि माझ्याकडून गिरवून घेते. मी गिरवतो. काल माझ्या ‘क’ ला तिने शाबासकी दिली. मुलीच्या जातीला इतका धीर कुठून येतो मला कळत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलात मी तो राहू दिला असेल असे वाटत नाही.

पण हे असे चालू ठेवणे बरोबर नाही. तिच्याशी मी खोटे बोललो आहे. तुझ्याबद्दल खोटे बोललो, आता तुझ्या मुलीशी बोललो. कारण वेगळे असेल, तरी मूल खरे मानून चालले आहे. तिला मी एवढेच सांगू इच्छितो की मला वाचता येते, आणि ती त्या दिवशी ज्यावर बोट ठेवून उभी होती ते अक्षर कोणते होते. एवढे एकच अक्षर. पुढे शिकवणार नाही. तुझ्या अटीत ‘एक अक्षर सुद्धा नाही’ असे आहे, म्हणून तुझ्या परवानगीवाचून सांगणार नाही.

नको म्हणालास तर तसे. मी गिरवीत राहीन.

कमलाकर वळसंगकर


टेंभुर्णी
ता. १६ फेब्रुवारी १९३२

मास्तर यांस,

कुंडलिक सांगतो तसे तसेच लिहितो आहे. लिहिणारा शिवयोगी.

पत्र पोचलं. आईनं दोनदा वाचून घेतलं, म्या बी. बजी तुमाला शिकवती ह्ये ऐकून दुकानातली मानसं हसली, मग गप बसली.

अट म्या घातली हुती, म्याच सोडतो. पोरीला खरं सांगा. सांगताना तिच्या शेजारी बसून सांगा, उबं ऱ्हाऊन न्हाय.

दुसरं आसं की त्ये अक्षर कुटलं हुतं त्ये तुमी पत्रात लिवलं न्हाय. शिवयोगीअप्पा बी इचारत्यात. एका कागदावर मोटं काढून धाडा. मी बघीन.

कुंडलिक